नऊ कंसांचा अर्ज

कार्यालयातले अर्ज एकसारखे दिसत नाहीत, ही गंभीर बाब साहेबांच्या नजरेस आली आणि ती निस्तरायचं काम जुळाऱ्याच्या गळ्यात पडलं. छपाईसाठी अक्षरांची जुळणी करता करता त्याचे केस पिकले होते. त्याने संगणकावर एका दुपारात ‘अर्ज’ नावाचा साचा बांधला. सुरुवातीची खूण, शेवटची खूण आणि मधे अर्जदाराचं म्हणणं. सुरुवातीच्या खुणेला दोन महिरपी कंस, एकात नाव, दुसऱ्यात हुद्दा. बाकीची मांडणी साचा आपली आपण करी.

“वा!” साहेब म्हणाले. “पण तारीख?”

तिसरा कंस आला. मग काय, प्रत्येक विभागाला कंठ फुटला. आस्थापनेला मागच्या अर्जाचा क्रमांक हवा होता, आवक-जावकला पुढच्याचा. वरिष्ठाचं नाव आलं, वरिष्ठाच्या वरिष्ठाचं आलं, नम्रतेची पातळी आली. ती कोणी रिकामी सोडलीच, तर साच्याने स्वतःहून ‘अत्यंत’ छापावं असं ठरलं. नवव्या कंसात, अर्ज स्वखुशीने करत असल्याची कबुली. नऊच्या वर कंस साचा घेईना, म्हणून मंडळी थांबली.

आता कंसांनीच पान भरू लागलं आणि नियमाप्रमाणे अर्ज एकाच पानाचा हवा. समिती बसली. कुठलाही विभाग आपला कंस सोडेना. शेवटी साहेबांनी मधल्या मजकुरावर बोट ठेवलं.

“हे कोणाचं?”

“अर्जदाराचं,” जुळारी म्हणाला.

“म्हणजे कुठल्याच विभागाचं नाही. साच्याने वाचावं, छापू नये.”

आपल्या बापाचं काय जातंय, म्हणत जुळाऱ्याने तसं करून टाकलं. सहा महिन्यांत दोनशे चौदा अर्ज निघाले. कोणाचीही तक्रार आली नाही. उलट निकाली काढण्याचा वेग वाढला.

मग जुळाऱ्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. “तू उशाशी असलास तरच डोळ्याला हात लावू देईन,” आईने बजावलं. जुळाऱ्याने दोन खुणांच्या मधे अगदी पोटतिडकीने लिहिलं: आई आता मला आवाजावरून ओळखते, कृपा करून गुरुवारची रजा द्यावी. साचा घरचाच, त्यामुळे छापलेला कागद न बघताच त्याने पुढे केला.

“अर्ज असावा तर असा!” साहेब खूश झाले. “पण तुम्हाला हवंय काय?”

जुळाऱ्याने कागद पाहिला. नऊही कंस छापले होते, त्याचं म्हणणं तेवढं नव्हतं. “साहेब, आईचं ऑपरेशन...”

“तोंडी नको हो. लेखी द्या.”

“लेखीच दिलंय. छापायचं नाही, असं ठरलंय.”

“कोणी ठरवलं?”

“आपणच.”

साहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी चष्मा पुसला आणि नियमाला धरून शेरा मारला: ‘मागणी नसल्याने अर्ज मंजूर. अर्जदाराने कामावर हजर राहावे.’

जुळाऱ्याने घरी फोन लावला. “आई, गुरुवारी जमणार नाही गं.”

“का रे? अर्ज फेटाळला का मेल्यांनी?”

“नाही,” तो म्हणाला. “मंजूर झाला.”

हसताय? हसा. तुमचाही एखादा अर्ज कुठेतरी झटपट मंजूर झालाच असेल. तो घरी आणून उजेडात धरा आणि मधली जागा एकदा बघून घ्या.