वणव्याचं पान

मुलांनो, एका जंगलात सगळ्यांना लिहिता-वाचता येऊ लागलं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

जंगलाने स्वतःचं विकी काढलं. वडाच्या खोडावर स्क्रीन बसवला. कुणीही यावं, नवं पान उघडावं, आपल्याला ठाऊक आहे ते लिहावं. होता होता नऊ हजार पानं झाली. एकट्या मधावर सव्वीस, त्यातली एकोणीस अस्वलाची.

एकदा सिंहमहाराजांना स्वतःचंच पान सापडेना. त्यांनी साळिंदरबाईंना पानं लावायला नेमलं. बाई कामाला वाघ होत्या, हे वाघालाही मान्य होतं. त्यांनी विभाग केले, उपविभाग केले. मग एक नियम केला. प्रत्येक पानाला मालक हवा. ‘पान बरोबर आहे’ असं त्याने दर महिन्याला कळवायचं. नाही कळवलं, तर पान जुन्या दप्तरात. मालकाच्या परवानगीशिवाय तिथून बाहेर नाही.

जंगल फार नीटनेटकं दिसू लागलं.

एका दुपारी वणवा लागला. हरिणीचं पाडस तीन दिवसांचं होतं. चुकीच्या बाजूला पळून परत फिरायचं बळ त्याच्या पायांत नव्हतं. कुठं पळायचं, याचं वानरआजोबांनी एका ओळीचं पान लिहिलं होतं. लिहिलेलं आहे म्हणून हरिणीने ते पाठ केलं नव्हतं. आपण तरी कुठं करतो?

ती पाडसाला घेऊन वडाखाली आली. ‘वणवा : धोरण’ सापडलं. ‘वणवा : बैठकीची टिपणं’ सापडली.

“साळिंदरबाई, आजोबांचं पान कुठं गेलं हो?”

“जुन्या दप्तरात. चार महिने त्यांनी काही कळवलंच नाही.”

“अहो, त्यांना थंडीत बिबट्याने नेलं!”

“मग तसं कळवायचं होतं.”

“तुम्ही वाचलं असेल ना? तोंडानं सांगा.”

“मी पानं वाचत नाही गं, लावते.”

हरिणीने परवानगी मागितली. स्क्रीनवर उमटलं, ‘मालकाच्या उत्तराची वाट पाहा.’ तिने पाहिली. धूर वडापर्यंत आला, तेव्हा बाई बिळात शिरल्या आणि हरिणी पूर्वेला पळाली. पूर्वेलाही आग होती. ती मागे वळली. फिरून पश्चिमेच्या खडकाळ माळावर पोचली, तेव्हा एकटीच होती.

मुलांनो, याहून जास्त मला सांगवत नाही.

वड अर्धा जळाला. स्क्रीन शाबूत राहिला. आठवड्याने हरिणी तिथं आली आणि तिने नवं पान उघडलं. लिहिलं, ‘वणवा लागला तर पश्चिमेला, खडकाळ माळावर पळा. वाट पाहू नका.’

साळिंदरबाईंनी पहिल्यांदाच एखादं पान पूर्ण वाचलं. त्यांचे डोळे भरून आले.

“छान लिहिलंयस गं,” त्या म्हणाल्या. “फक्त विभाग चुकलाय.”

आणि त्यांनी ते हलवलं.

तात्पर्य : मरण्यापूर्वी आपली पानं दुसऱ्याच्या नावावर करावीत. मागे राहणाऱ्यांची गैरसोय होते.