मागच्या दारचा बाक

बाकाच्या पायावर मातीची बोटभर रेघ दिसली आणि जावयाच्या हातातला चहा कलंडला. वाळवी! बाक साधासुधा नव्हता. सुतार असलेल्या सासऱ्यांनी तो स्वतः करून दिला होता आणि ‘मागच्या दाराला लागून मातीतच ठेवा, हलवू नका,’ असं बजावलं होतं. पाच महिन्यांनी ते राहायला येणार होते. पहिल्याच भेटीत त्यांनी मुलीला विचारलं होतं, “याला खिळा तरी ठोकता येतो का?” ते जावयाला अजून सलत होतं.

“पाय मातीत असतील तर औषध मारून काय उपयोग?” हार्डवेअरवाला म्हणाला.

म्हणून बाक अंगणाच्या मधोमध फरशीवर आला. त्याला औषध लावलं, मग जवसाचं तेल, मग व्हार्निश. वर प्लॅस्टिक घातलं तर आत ओल धरू लागली, म्हणून रोज सकाळी ते उघडायचं आणि संध्याकाळी झाकायचं. त्यापायी ऑफिसला रोज उशीर.

“अहो, मग मी बसू कुठं?” बाकावरून उठवल्यावर बायकोने विचारलं.

“उभी राहा ना चार दिवस!”

बायको उंबरठ्यावर बसू लागली, चौकटीला टेकून.

“ही चौकट हल्ली करकरते हं.”

“करकरू दे. आधी बाक!”

सासरे आले. बाकाभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी तो बोटाने वाजवून पाहिला. जावयाचा जीव कानात गोळा झाला होता.

“हात बसलाय तुमचा,” सासरे म्हणाले. “पण इथं का आणलात?”

“वाळवी लागत होती, बाबा. एक शिल्लक ठेवली नाही!”

“अहो, तिच्यासाठीच तर केला होता! तुमच्या भिंतीत वाळवी आहे, हे मला मागच्या वेळी आलो तेव्हाच दिसलं होतं. म्हणून खोक्याच्या फळ्यांचा बाक केला. तो खात बसली की दाराकडे बघत नाही. संपला की दुसरा दिला असता.”

“मग सांगायचं नाही का?”

“म्हणजे तुम्ही लेकीला ऐकवणार, तुझ्या बापाने वाळवीला डबा पाठवलाय!”

दोघांची नजर एकदमच चौकटीकडे गेली. सासऱ्यांनी तिच्यावर अंगठा दाबला, तो पेरापर्यंत आत गेला. जावयाला रडू यायचंच बाकी होतं. सासऱ्यांनी पिशवीतून हातोडी काढून त्याच्या हातात दिली.

“आधाराला फळी मारू. बघू, खिळा ठोकता येतो का.”

बायको उठली आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदाच बाकावर जाऊन बसली. या वेळी तिला कुणी उठवलं नाही.