बिब्ब्याची सोयरीक
गेनूतात्या बसमध्ये झाडाच्या फांदीला खिडकीशी बसवायचे आणि स्वतः उभे राहायचे. कंडक्टरने हटकलं, तर शांतपणे सांगायचे, "नवरदेव हाय. दाटीत फुलं झडत्याल."

तात्या भोसरीतले माझे घरमालक. घरात एकटेच, काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. सत्तर सालाच्या सुमारास मी कारखान्यात लागलो आणि त्यांच्या चाळीत बिऱ्हाड केलं. तेव्हा गावची देवराई नुकतीच तुटली होती. मधून रस्ता गेला, दोन्ही अंगांना शेड उठल्या आणि आमच्या खोल्यांमागे राईचा एक तुकडा तेवढा उरला. त्यात एक बिब्ब्याचं झाड होतं. दर पावसाळ्यात फुलायचं, पण फळ काही धरायचं नाही.

"बिब्ब्यात नर येगळा, मादी येगळी," तात्या म्हणाले. "हिचा दादला रस्त्यात गेला. दुसरा हाय चऱ्होलीला. माश्या तरी पत्र्याच्या शेडी वलांडून किती लांब येत्याल? राईत ऱ्हायली ती समदी झाडं म्हातारी. खाली एक रोप दिसतंय का बघा."

म्हणून फुलांच्या दिवसांत दर रविवारी तात्या चऱ्होलीहून फांदी आणत. शिडीवर चढून फुलाला फूल लावत. शेजारचे सलीम मिस्त्री खालून विचारत, "तात्या, हुंडा किती ठरला?"

"पोरगा कंपनीत न्हाई राव. हुंडा कोन देतंय त्याला?"

दोन पावसाळे फुकट गेले. तिसऱ्या वर्षी झाड लगडलं. तात्यांनी अख्ख्या चाळीला पेढे वाटले आणि झाडाला हात लावायची सगळ्यांना बंदी केली.

त्याच हिवाळ्यात आम्हाला मुलगी झाली. बायको घरी आली त्या सकाळी तात्या दारात उभे. हातात वाटी, बोटांवर फोड. बिब्बे फोडताना तेल लागलं की कातडी उतते, हे सगळ्या गावाला माहीत. त्यांना नसेल असं कसं म्हणू?

"बिब्ब्याच्या आतली गोडंबी हाय. बाळंतिणीच्या लाडवात घाला."

"अहो तात्या, बाजारात मिळाली असती की."

"मिळती," ते पाळण्याकडे बघत म्हणाले. "पर आमच्या घरात कंदी काढायची येळच आली न्हाई."

बायकोने पोर उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. तात्यांनी दोन्ही हात चटकन पाठीमागे घेतले.

"आज नगं, सूनबाई. हाताला बिब्बा लागलाय."

आणि तसेच, हात पाठीशी बांधून, वाकून कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले.