पाचवा भाग कधी लागणार?

जळलेली मोटर घेऊन गजादादाच्या दुकानात गेलात, तर तो मोटरीकडे बघत नाही. आधी तुमच्याकडे बघतो आणि विचारतो, "तुजे आवडीचे तीन पिच्चर सांग."

पंप किती हॉर्सपॉवरचा, विहीर किती खोल, कधीपासून घरघरत होता, हे सगळं नंतर. उत्तर पटलं तर मोटर संध्याकाळपर्यंत वाइंडिंग होऊन, वार्निश लावून मिळते. नाही पटलं तर ती कोपऱ्यातल्या रांगेत जाऊन बसते, आणि त्या रांगेला शेवट नाही. नागावात एकीकडे नारळी-सुपारीच्या वाड्या, दुसरीकडे पर्यटकांच्या खोल्या. दोघांनाही पाणी लागतं, आणि वाइंडिंगवाला एकच. त्यामुळे सबंध गावाने तीन-तीन पिच्चर पाठ करून ठेवलेत. आमच्या सरपंचबाईंना पंचायतीचे ठराव आठवत नाहीत, पण पिच्चर तिन्ही आठवतात.

मुंबईची नोकरी सोडून मी गावात चार खोल्यांचं होमस्टे काढलं, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच शनिवारी पंप जळला. वरच्या खोलीतले पाहुणे अंगाला साबण लावून उभे. मी मोटर स्कूटरवर टाकून धावलो, तर दादाचा प्रश्न. मी शहरातून आलेला शहाणा. छाप पाडायला म्हणून तीन परदेशी सिनेमांची नावं फेकली, ज्यांची नुसती परीक्षणं वाचली होती.

"दुसऱ्याचा शेवट काय हाय?" दादाने तारेचं रीळ बाजूला ठेवत विचारलं.

"शेवट… तसा संदिग्ध आहे."

"मंजी बगितला न्हाय."

मोटर मंगळवारी मिळाली. तोवर पाहुण्यांनी विहिरीवर रहाटाने पाणी ओढून आंघोळी केल्या, आणि जाताना लिहून गेले, 'अस्सल ग्रामीण अनुभव.' नंतर तो अनुभव मागणारे फोन यायला लागले, ते वेगळंच.

दादाचा जीव मात्र तीन पिच्चरांत नव्हता. तो होता एकाच पिच्चरच्या पाच भागांत. 'सप्तकवच'. ध्रुवसेन नावाचा वीर, त्याची सात हरवलेली कवचं, आणि ती मिळू न देणारा तमासुर. सात कवचं पाच भागांत कशी बसणार, यावर दादाचा स्वतःचा सिद्धांत होता. पहिल्या चार भागांत चारच सापडली, म्हणजे शेवटच्या भागात तीन एकदम. "तवाच तर तो इतका लांबतोय," तो म्हणायचा. "तीन कवचा घडवायची मंजी वेळ लागंल का न्हाय?"

दादा सगळा वेळही पिच्चरने मोजायचा. मोटर कधी मिळेल विचारलं, तर "अर्धा पिच्चर थांब" म्हणजे सव्वा तास. कुणाचं लग्न नुकतंच झालेलं असेल, तर "आत्ता कुठं नावांच्या पाट्या पडतायत." नवा भाग लागायच्या आदल्या आठवड्यात तो दुकानात उजळणी घ्यायचा. स्टुलावर जुने बेअरिंग मांडून, हा ध्रुवसेन, हा त्याचा गुरू, हे जळकं कॉइल म्हणजे तमासुर, अशी आधीच्या सगळ्या भागांची गोष्ट. ऐकणारे कोण, तर मोटरीसाठी ताटकळलेले वाडीवाले. त्यांना पळताही येत नसे. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, "गजा, सुपारी सुकत चाललीय, ह्यो तमासूर कवा मरतो?" दादा म्हणाला, "आबा, तुमी इंटरवलच्या आदी बोलू नका."

हे सगळं वेड मंदावहिनी, म्हणजे दादाची बायको, ओट्यावर बसून चुपचाप बघायच्या. एकदाच मला म्हणाल्या, "भावजी, त्यांना पिच्चरचा नाद न्हाय. पोरीचा हाय."

पोर म्हणजे प्राची, एकुलती एक. पहिला भाग लागला तेव्हा ती दहा वर्षांची होती. दादा तिला लूनावर पुढे उभी करून अलिबागला घेऊन गेला. दुसरा लागला तेव्हा ती सातवीत, तिसऱ्याला दहावीत. चौथ्याच्या वेळी इंजिनिअरिंगला पुण्यात होती. परीक्षा दोन दिवसांवर आली असताना एसटीने आली, बापाबरोबर पहिला खेळ पाहिला आणि त्याच पावली परत गेली. चारही भाग दोघांनी शेजारी बसून, पहिल्या दिवशी. मग तिला मेलबर्नला नोकरी लागली. जाताना विमानतळावर ती बापाला म्हणाली, "पप्पा, पाचवा लागला की येते. शेवटचा आपण दोघांनीच बघायचा."

त्या दिवसापासून दादा पाचव्या भागाची वाट बघायला लागला. एवढी वाट, मला वाटतं, निर्मात्यानेही बघितली नसेल.

तारीख जाहीर झाली. दादाने ती खडूने दुकानाच्या शटरवर लिहिली. शटर वर गेलं की तारीख गुंडाळली जायची, म्हणून तो दुकान अर्धंच उघडायचा आणि आम्ही सगळे वाकून आत शिरायचो. महिनाभर आधी बातमी आली, तारीख पुढे. प्राचीची रजा रद्द. दादाने खडूची तारीख पुसली, नवी लिहिली. तीही पुढे गेली. मग तिसरी. दर वेळी पोरगी रजा मांडायची, तिकीट बघायची, आणि दर वेळी तिकडे सुट्टी द्यायला कटकट करायचे. चौथी तारीख पडली तेव्हा दादाने खडू उचललाच नाही. "पक्की झाली की लिवतो," म्हणाला. तीन वर्षं झाली होती पोरीला बघून. रोजच्या फोनवर काय, तर जेवलात का, गोळी घेतलीत का, तिकडे थंडी आहे का. पाचव्या मिनिटाला दोघंही गप्प. मग प्राची विचारायची, "पप्पा, नवीन झलक बघितली?" आणि दादाचा आवाज फुलायचा.

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो.

मला विनोद करायची सवय आहे. या सवयीने आजवर माझी एक नोकरी, दोन मित्र आणि एका साडूशी बोलणं घालवलं आहे. तरी ती जात नाही. कुणी गंभीर प्रश्न विचारला की माझ्या जिभेला आधी खाजच सुटते.

पाचव्या भागाची तारीख पक्की झाली आणि दादाने ती शटरवर लिहिली, त्याच आठवड्यात प्राचीचा मला फोन आला. "सुदामकाका, एक खरं सांगा," ती म्हणाली. "मला यंदा आठच दिवस रजा आहे. पिच्चरला आले तर गणपतीला येता येणार नाही. आणि इथं माझं कायम होण्याचं चाललंय, त्यामुळे आत्ता रजा मागायची मला भीतीच वाटतेय. पप्पांना खरंच माझ्याबरोबर बघायचाय का? की मी म्हणाले होते म्हणून ते धरून बसलेत?"

साध्या प्रश्नाला साधं उत्तर होतं: ये बाई, तो शटर अर्धं उघडून बसलाय. पण मी हसलो. म्हणालो, "अगं, तुझ्या बापाला पडदा असला की पुरे. शेजारी तू आहेस की मी आहे, त्याला अंधारात कळणार पण नाही. तू गणपतीला ये, मोदक तरी मिळतील."

तीही हसली. "बरं झालं तुम्हाला विचारलं," म्हणाली. "डोक्यावरचं ओझं उतरलं."

फोन ठेवल्यावर मलाही बरं वाटलं. एका मुलीला अपराधीपणातून सोडवलं, या समाधानात मी दोन कप चहा प्यायलो.

तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तर शटर पूर्ण उघडं. दादा तार गुंडाळत बसला होता. वेढे मोजताना त्याच्याशी कुणी बोलायचं नसतं, म्हणून उभा राहिलो. मोजून झाल्यावर तो म्हणाला, "बाय न्हाय येत. तिच्या मैत्रिणीसंगं बघणार हाय. तिकडं आपल्या आदी लागतो, दिवस लवकर उगवतो ना तिकडं."

"गणपतीला येईल ना," मी म्हणालो.

"नोकरीचं पक्कं व्हायला लागलं तर तवा पण सुट्टी न्हाय म्हणाली." त्याने नवं रीळ घेतलं. "मला म्हणली, पप्पा, माझ्यासाठी थांबू नका, तुम्हाला पिच्चर महत्त्वाचा. कुणी सांगितला तिला असा?"

माझी जीभ नेमकी तेव्हा शहाणी झाली.

प्रायश्चित्त म्हणून मी पहिल्या दिवशीच्या बाराच्या खेळाची दोन तिकिटं काढली. दादाने सकाळी पोरीला फोनवर सांगितलं, आज बघतो, सुदाम येतोय संगं. पांढरा शर्ट घातला. मंदावहिनींनी नेहमीप्रमाणे वाटेत खायला घावन बांधून दिले, आणि मग डब्याकडे बघून त्यातला प्राचीपुरता ठेवलेला गूळ काढून घेतला. आम्ही स्कूटरवरून अलिबागला गेलो. थिएटरसमोर पोरं नाचत होती, कुणी पुठ्ठ्याची कवचं घालून आलं होतं. दादा दारापर्यंत आला आणि थांबला.

"तू जा," म्हणाला. "मी हितं टपरीवर बसतो."

"अरे, शेवटचा भाग आहे."

"म्हनूनच. दोघांनी बघायचा ठरलाय. मी बघितला तर संपला ना तो." मग जरा खालच्या आवाजात, "तू नीट बघ. बाय चार वाजता फोन करील, तिला काय तरी सांगाया लागंल. तिला न्हाय कळला पायजे का मी आत गेलो न्हाय. जीवाला लावून घेईल ती."

तर मी एकटा आत गेलो, शेजारी रिकामी खुर्ची घेऊन. पहाटे चारला उठून पाहुण्यांना बोटीच्या फेरीला पाठवलं होतं, आत एसी गार, खुर्ची मऊ. इंटरवलपर्यंत जागा होतो. इंटरवलनंतर ध्रुवसेन कुठल्याशा दरीत उतरला, आणि मी त्याच्या आधी उतरलो. जाग आली तेव्हा पडद्यावर शेवटची मारामारी चालू होती आणि सातवं कवच कुणाच्यातरी छातीवर चमकत होतं.

बाहेर येऊन मी टपरीच्या बाकावर बसून दादाला गोष्ट सांगितली. पहिला अर्धा भाग खरा, शेवट खरा. मधे पाऊण तासाचं भोक. आता मी पडलो गोष्टीवेल्हाळ. भोक दिसलं की मला ते भरावंसं वाटतं. मी सांगितलं, शेवटच्या लढाईआधी ध्रुवसेन आपल्या गावी जातो. दारात म्हातारा बाप बसलेला असतो. तो काही विचारत नाही, ताट वाढायला सांगतो. दोघं जेवतात. मग तो लढायला जातो. हे मी एवढं रंगवलं, की टपरीवाला भजी तळायचा थांबला. दादा जमिनीकडे बघत ऐकत होता. "जेवतो तो?" त्याने एकदा विचारलं. मी म्हणालो, "भात-आमटी. पोटभर."

चारला फोन आला. दादाने तो स्पीकरवर लावून गुडघ्यावर ठेवला. तिकडे साडेआठ झाले होते.

"बघितला पप्पा?"

"बगितला बाय. एक नंबर."

मग सुरू झालं. गुरू फितूर निघाला ते, तीन कवचं एकदम मिळाली ते. दादाचा सिद्धांत खरा ठरला होता. प्राची हसत होती, दादा वाद घालत होता. पाच मिनिटं होऊन गेली, दहा गेली. मला वाटलं, सुटलो.

"पन मला सगळ्यात काय आवडला सांगू," दादा म्हणाला, "तो घरी येतो ना, बापाजवळ, आनि जेवतो, तो सीन."



"कुठला सीन?" प्राची म्हणाली. "पप्पा, तो घरी कुठे जातो? तो घरी जातच नाही. शेवटपर्यंत."

दादाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मोटर पूर्ण जळलीय की अजून थोडी धुगधुगी आहे, हे बघताना तो बघतो, तसं. मी मान खाली घातली.

"तुम्ही आत गेलाच नाहीत ना," ती म्हणाली.

"गेलो व्हतो गं. डोळा लागला मधी. वय झाला आता."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, पण तिकडे थंडीचे दिवस होते. येते म्हणाली नाही, कधी येईन म्हणाली नाही. दादानेही विचारलं नाही. तो विचारणार नव्हता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मग ती म्हणाली, "थांबा, मी सांगते. अगदी सुरुवातीपासून. फोन ठेवायचा नाही हां. तर आधी पडदा काळाच असतो. नुसता पाण्याचा आवाज येतो…"

दादाने फोन उचलून कानाला लावला. सगळं तासाभरापूर्वी माझ्याकडून ऐकलेलं असून, डोळे मिटून म्हणाला, "आनि मंग?"

मी स्कूटरपाशी जाऊन उभा राहिलो. मला तिला खरं सांगायचं होतं, की तो विनोद होता आणि चूक माझी होती. अजून सांगितलेलं नाही. दादा दीड तास त्या बाकावर बसून होता. मधूनमधून त्याचा आवाज ऐकू यायचा, "आनि मंग, बाय?"