सुभेदारसाहेबांवर कोण झोपणार

शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्द घरातले, साधेच आहेत; वाचणाऱ्यांनी तेवढं पोटात घालावं. लढाईच्या दुसऱ्या हिवाळ्यात खिंडीतल्या आरोग्यपथकाचं एक स्ट्रेचर बढती मिळून सुभेदार झालं.

बढती हक्काची होती. सगळ्यात जास्त जखमी त्यानेच खाली आणले होते, कधी कुरकुर केली नव्हती, आणि त्याने रजा मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तारे लावायचे तर खांदे कुठले, यावर मात्र बरंच बोलणं झालं. पुढचे दोन दांडे म्हणजे खांदे असं ठरलं आणि तारे तिथे बसवले. तेव्हापासून लान्सनाईक बाबाजी तावडे दांडे धरण्याआधी सलाम करू लागला. एकदा दांडे धरले की हात मोकळा राहत नसे, म्हणून सलाम आधीच उरकून घ्यायचा.

तावडेच्या दंडावर एकच फीत होती, तीही नवी. मागचे दांडे धरणारा नाईक शेलार दोन फितींचा. "आपल्या दोघांच्या मिळून तीन फिती," शेलार म्हणायचा, "तरी साहेबांच्या एका ताऱ्याला पुरत नाहीत."

अडचण आली ती शिपाई येसू कदममुळे. सकाळी वरच्या चौकीजवळ तोफेचा गोळा पडला आणि येसूची मांडी फाटली. शेलारने पट्टी घट्ट आवळली, पण रक्त थांबेना. दुपारच्या आत येसू खाली डॉक्टरांच्या तंबूत पोचला नाही, तर पाय जाणार होता आणि पायामागोमाग येसूही. चौकीवर दुसरं स्ट्रेचर नव्हतं.

येसूने स्ट्रेचरवरचे तारे पाहिले आणि दगडाला टेकून जरा सरळ बसला.

"मी नाही झोपणार."

"का रे?" शेलारने विचारलं.

"सुभेदारसाहेबांच्या अंगावर शिपायाने झोपायचं? कोर्टमार्शल होईल माझं. गावात काय तोंड दाखवू?"

बोलणं खोटं नव्हतं. बढतीनंतर त्या स्ट्रेचरवर फक्त एक मेजर झोपले होते, पोटात कळ आली म्हणून.

"परवानगी विचार," शेलार तावडेला म्हणाला.

"मी?"

"तू खांद्यापाशी असतोस. मी पायाशी. पायाशी उभं राहून साहेबाला विचारतात का कुणी?"

तावडे मुळात लाजाळू. तरी सावधान उभा राहिला. "साहेब, शिपाई कदमला लागलंय. आपल्यावर झोपवू का?"

सुभेदारसाहेब काही बोलले नाहीत. बढतीनंतर ते कुणाशीच बोलत नसत.

"नाही म्हणाले नाहीत," तावडे हळूच म्हणाला.

"हो तरी कुठे म्हणाले? फौजेत गप्प बसणं म्हणजे नाही. तुझ्या रजेच्या अर्जाचं काय झालं ते आठव."

येसूचे ओठ पांढरे पडत चालले होते. "माझ्यापायी भांडू नका," तो म्हणाला. "जरा पाणी द्या."

पाणी द्यायला तावडे वाकला, तेव्हा त्याला कापडावर एक लांब चीर दिसली. कडा काळ्या पडल्या होत्या.

"नाईक, साहेबांना लागलंय."

शेलारने चिरेत बोट घालून पाहिलं. "सकाळच्याच गोळ्याचं हे. बोलले नाहीत काही."

"जुनी माणसं अशीच."

आरोग्यपथकाचा एक रिवाज आहे. ज्याला लागलं तो रोगी, आणि रोग्यावर हुकूम पट्टी बांधणाऱ्याचा. रोगी जनरल असला तरी पाय सरळ ठेवा म्हटलं की त्याने ठेवायचा. तावडेने दंडावरची तांबड्या फुलीची पट्टी नीट केली, साहेबांच्या जखमेला टाके घातले आणि जन्मात पहिल्यांदा वरच्या माणसाला हुकूम दिला.

"साहेब, पाठीवर पडून राहायचं. हलायचं नाही. आणि या शिपायाला धरून ठेवा, तो घसरतोय."

साहेब हलले नाहीत.

"ये आता," तावडे येसूला म्हणाला. "तू साहेबांवर झोपत नाहीयेस. साहेबांनी तुला धरलंय."

येसूने विचार केला आणि झोपला.

तंबूत डॉक्टर कॅप्टनांनी विचारलं, "रोगी किती?"

"दोन, साहेब."

"आधी कोण?"

"शिपाई. सुभेदारसाहेब थांबतो म्हणतात," शेलारने ठोकून दिलं.

येसूचा पाय वाचला. स्वतः जखमी असताना शिपायाला खाली आणलं म्हणून संध्याकाळी सुभेदारसाहेबांना सुभेदार-मेजर करण्यात आलं. इतक्या मोठ्या हुद्द्याला साध्या फितीवाल्यांनी हात लावू नये, असाही हुकूम निघाला. साहेबांना मेसच्या तंबूत उभं करण्यात आलं. तिथे शेगडी होती.

"आता पुढचा जखमी पाठुंगळी आणायचा का?" शेलार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तावडेने दोन बांबू तोडले, त्यांना घोंगडी शिवली आणि त्या नव्या स्ट्रेचरला रीतसर भरतीला उभं केलं. उंची भरपूर निघाली. छाती फुगवायची वेळ आली तेव्हा तावडेने घोंगडीच्या दोन्ही कडा ताणून धरल्या. शेलार म्हणाला, भरली. फीत नाही, तारा नाही; साधा शिपाई.

चौकीच्या वाटेवर तावडेने आजूबाजूला कुणी नाही ना, ते पाहिलं.

"काम मन लावून कर," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण जास्त पराक्रम करू नकोस, बाबा."

"जी," नवा शिपाई म्हणाला.