जोमाकाकाची काचेची नळी

आमचा जोमाकाका दर शिनवारी ओट्यावर बसून आख्ख्या आळीचं मूत उकळायचा. खोटं नाय सांगत. पनवेलच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होता. म्हातारा झाला तसं डॉक्टरनी घरी बसवला, न् जाताना इस्पिरिटची बत्ती न् काचेच्या नळ्या दिल्या.

नळी तापवायची, औषदाचे दोन थेंब टाकायचे. निवळ राह्यली तर बरं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढूळली तर अंगातलं सत गळतंय, मूत्रपिंड बिघडलंय. निवळ निगाली की ओट्यावरनंच आरोळी, "कमळीचं निवळ." बायामानसं लाजून मरायची, पन बाटली आनायचीच.

घरात एकटा. बायको सुजून सुजून गेलेली. तवा तिची नळी कोनी तापवली नव्हती.

मी बाविशीची. पयल्या बाळंतपनापासनं माजे पाय सुजायचे. माजी नळी पांढरी झाली. काकानं आरोळी नाय मारली. हळूच म्हनला, "पोरी, मीठ कमी कर. दर शिनवारी बाटली आन."

न्हवरा मिठागरावर, न् मी मीठ सोडू? दोन म्हयने कळ काढली. मंग खारी सुकट खाल्ली न् जावेची बाटली माजी म्हनून नेली. काकानं नळी बगितली, मंग माजे पाय बगितले.

"जावेला सांग, तुजं झ्याक हाय. आता तुजी आन."

अशी चार वर्सं त्यानं मला राखली. एका शिनवारी ओटा रिकामा दिसला. आत गेले तं काका खाटंवर, पाय धोतरात लपिवलेले. धोतर सारलं. खांबासारखे सुजलेले.

"काका, तुजी कदी तपासलीस?"

"माजी आरोळी कोनासाठी मारू?"

मीच बत्ती लावली. नळी दह्यासारखी झाली. काका नळीकडं नाय, माज्या तोंडाकडं बगत होता.

"निवळ हाय, काका."

"परत जावेची आनलीस काय?" म्हनला न् हसला. मंग बोलला, "ओट्यावर जाऊन सांग तरी."

मी भायेर गेले. "जोमाकाकाचं निवळ." आळीत त्याच्या नावाची आरोळी पयल्यांदाच मारली कोनी. समोरच्या कमळीनं हातातली कळशी खाली ठेवली.

"काय गं, काकाला बरं नाय?"

आतून काका बोलला, "ऐकलं तिनं?"

"ऐकलं, काका. येतेय ती."