हाउताहाल्लाचे तीन मवाळ आठवडे

चेहऱ्यावरून माणसाच्या मनातलं ओळखण्यात आख्ख्या पेत्तूयार्वीत माझा हात धरणारा कुणी नाही! हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. आमच्या गावात चेहऱ्यावर काही दिसू द्यायची पद्धतच नाही, त्यामुळे या क्षेत्रात स्पर्धा कमी आहे. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या काकांना लॉटरी लागली, तेव्हा त्यांची डावी भुवई गव्हाच्या दाण्याएवढी वर गेली. ती मी टिपली. त्यांच्या बायकोला चार दिवसांनी बँकेतून कळलं.

मी याल्मारी. ‘हाउताहाल्ला’ या हेवी मेटल बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. हाउताहाल्ला म्हणजे थडग्यावर पडलेलं दहिवर. नाव माझंच. उरलेल्या वेळात मी गावच्या दुकानात रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्राशेजारी उभा असतो. आमचा गायक वेइक्का. तोंडाला पांढरं-काळं फासून तो असा आवाज काढतो, की अस्वलाच्या पोटात कुणी जातं फिरवतंय! सकाळी तो बालवाडीत शिकवतो. लीड गिटारवर सारिआन्ना. ती हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ काढायचा ट्रॅक्टर चालवते आणि गिटारही तशीच वाजवते. ड्रमवर ताइस्तो. ताइस्तो बोलत नाही. मुका नाही हो, बोलता येतं त्याला! फेब्रुवारीत तो ‘हं’ म्हणाला होता.

सहा वर्षं आम्ही दर मंगळवारी आणि गुरुवारी, पाच ते सात, गावच्या बंद पडलेल्या डेअरीत तालीम करत होतो. डेअरीच्या एका अंगाला आउने आजींचा गोठा, समोर चर्च. सहा वर्षांत आमच्या संगीताबद्दल गावातलं कुणी एक अक्षर काढलं नव्हतं. चांगलं नाही, वाईट नाही. आमचं छान चाललं होतं.

मग मे महिन्यात ग्रामसमितीच्या राकेलबाई डेअरीत आल्या. दोन कप कॉफी प्यायल्या. दालचिनीचा पाव खाल्ला. खिडकीतून वीस मिनिटं तळं पाहिलं. मग म्हणाल्या, “विणकाम मंडळाने डेअरीत जागा मागितली आहे.”

सारिआन्नाने त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली.

“युहान्नुसला, भर उन्हाळ्याच्या सणाला, तळ्याकाठी नाचमंडपात सगळं गाव जमेलच. हात वर करून ठरवू. त्याआधी तुम्ही वाजवा.”

“बरं.”

त्या दारापर्यंत गेल्या, थबकल्या आणि म्हणाल्या, “लोकांना तुमच्याविषयी बोलायचं आहे.”

आमच्या गावात मागे एकदा लाकडाच्या वखारीला आग लागली, तेव्हाही लोक बोलले नव्हते, नुसत्या बादल्या घेऊन आले होते. ‘बोलायचं आहे’ म्हणजे प्रकरण आगीच्या पलीकडे गेलं!

“संपलं,” वेइक्का म्हणाला. “डेअरी गेली की बँड गेला.”

“माझ्या आईचं सॉना आहे ना, वाफेच्या अंघोळीचं,” सारिआन्ना म्हणाली.

“तिथे एकदा वाजवलंय. माझ्या गिटारची मान वाकली आणि वेइक्का बेशुद्ध पडला,” मी म्हणालो. “ते काही नाही! लोकांना आपला गोंगाट सोसवत नाही, एवढंच. आपण सगळ्यांना झेपेल असं वाजवायचं. मी गावाची नाडी तपासतो.”

दुसऱ्या दिवशी दुकानात बाटल्या घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी फोनवर आमचं ‘हाडांची कापणी’ ऐकवलं आणि चेहरा न्याहाळला. मग एक गोड, संथ टँगो ऐकवला आणि पुन्हा न्याहाळला. अकरा माणसांच्या चेहऱ्यावर दोन्ही वेळा काहीच नाही. बाराव्या आउने आजी. वय अठ्ठ्याहत्तर, गाई चौदा. ‘हाडांची कापणी’ला त्या बर्फात रोवलेल्या खांबासारख्या उभ्या. टँगोला मात्र त्यांची पापणी लवली. दोनदा!

“दोनदा?” वेइक्काने श्वास रोखून विचारलं.

“उजवी. दोनदा.”

झालं! इतका भक्कम पुरावा मिळाल्यावर थांबतोय कोण?

‘हाडांची कापणी’ची ‘स्ट्रॉबेरीची कापणी’ झाली. ‘प्लेगचा राजा’ होता, तो ‘खेड्याचा राजा’ झाला. गिटारचा आवाज खरखरीत करणारा पायाखालचा डबा बंद करायला सांगितला, तेव्हा सारिआन्नाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं पाळलेला कुत्रा दुसऱ्याला देऊन टाकताना पाहतात. ताइस्तोच्या दोन ढोलांपैकी एक ढोल मी काढून घेतला आणि काठ्यांऐवजी त्याच्या हातात मऊ कुंचले दिले.

“नको,” ताइस्तो म्हणाला.

आम्ही सगळे उठून उभे राहिलो! पण निर्णय निर्णय असतो.

सर्वांत वाईट हाल वेइक्काचे. तो पहिल्यांदाच आपल्या खऱ्या आवाजात गायला. तो आवाज म्हणजे थंडीत आई हरवलेलं कोकरू!

“कसा वाटला?”

“प्रामाणिक,” सारिआन्ना म्हणाली.

तीन आठवडे आम्ही हळुवार तालीम केली. आणि काय सांगू, गाव पाघळलं! पहिल्या गुरुवारी तालीम संपवून बाहेर पडतो, तर पायरीवर मधाची बरणी. चिठ्ठी नाही, काही नाही. मंगळवारी खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट. पुढच्या गुरुवारी मनगटाला बांधायची पट्टी आणि विजेचे चार फ्यूज.

“चाहते!” मी ओरडलो. “सहा वर्षांत कुणी पावाची वाळकी कड दिली होती का आपल्याला?”

“फ्यूज कोण देतं चाहता म्हणून?” सारिआन्नाने विचारलं.

“अगं, त्यातला भाव बघ ना! तुम्ही आमच्या आयुष्यातली वीज आहात!”

“आणि मनगटाची पट्टी?”

“आधार! ते आपल्याला आधार देताहेत!”

ताइस्तोने गुपचूप पट्टी बांधून घेतली. एका मंगळवारी पाद्रीबुवा डेअरीच्या दारात येऊन दहा मिनिटं उभे राहिले, खोल उसासा टाकला आणि निघून गेले. “भारावले,” मी सगळ्यांना समजावलं.

युहान्नुसचा दिवस उजाडला. दुपारी चारला नाचमंडप खचाखच भरला. खचाखच म्हणजे आमच्याकडे दोन माणसांत दीड हात अंतर. आम्ही चौघं फिकट निळ्या शर्टांत, तोंडं धुतलेली, भांग पाडलेले. पहिल्या रांगेतून माझी आई वेइक्काच्या आईला विचारत होती, “बँड कधी येणार?”

एक गोष्ट बघून माझं काळीज द्रवलं. अर्ध्या गावाने कानांत बोळे घातले होते. म्हाताऱ्या लाकूडतोड्यांनी तर यंत्र चालवताना लावतात ती मोठाली कानझाकणं चढवली होती. बिचारे! जुन्या गोंगाटाच्या भीतीने तयारीनिशी आलेले!

‘स्ट्रॉबेरीची कापणी’ सुरू केली. वेइक्काचं कोकरू बेंबें करू लागलं. पहिल्या कडव्याला पाद्रीबुवांनी कानातले बोळे काढून खिशात टाकले. दुसऱ्या कडव्याला मधल्या तीन रांगांनी काढले. गाणं संपेपर्यंत लाकूडतोड्यांचीही कानझाकणं गळ्यात आली होती.

“बघितलंस?” मी सारिआन्नाच्या कानात म्हणालो. “नीट ऐकू यावं म्हणून काढताहेत!”

आणि तेवढ्यात आउने आजींनी हात वर केला.

आमच्या गावात मध्येच हात वर करत नाहीत. सभा संपल्यावर घरी जाऊन पश्चात्ताप करतात. तीनशे माणसं वळून बघू लागली. आजी उठल्या, सरळ स्टेजपाशी आल्या.

“पोरा, घसा बरा नाही का अजून?” त्यांनी वेइक्काला विचारलं.

“बरा आहे की, आजी.”

“मध खाल्लास?”

“हो... तुम्ही ठेवला होता?”

“मग असा काय गातोयस? माझ्या गाई तीन आठवडे पान्हा चोरताहेत! पाच वाजले की ढोलाची वाट बघतात. सहा वर्षं तुझ्या त्या प्लेगवर दूध काढतेय मी. आता कान टवकारून नुसत्या उभ्या राहतात. त्या ओमेनाने तर परवा मला लाथ घातली!”

“पण आजी,” मी मध्ये पडलो, “टँगो ऐकून तुमची पापणी लवली होती! दोनदा!”

“डास गेला होता डोळ्यात.”

मागून पाद्रीबुवा उठले. “आता विषय निघालाच आहे म्हणून,” ते बुटांकडे बघत म्हणाले. “मी रविवारचं प्रवचन गुरुवारी पाच ते सात लिहितो. समोरून सैतान असा गर्जत असला, की लेखणी कशी तलवारीसारखी चालते! गेले तीन रविवार माझं प्रवचन म्हणजे कोमट लापशी. सैतानाचाच घसा बसला, तर मी ओरडू कुणावर?”

“आम्हाला वाटलं तुमची यंत्रं जळली,” कुणीतरी म्हणालं. “म्हणून फ्यूज आणून ठेवले.”

“आणि ढोलवाल्याचा हात मुरगळला,” दुसरं कुणी म्हणालं.

ताइस्तोने पट्टी बांधलेला हात आभारादाखल किंचित उचलला.

मी स्टेजच्या कडेला आलो. “म्हणजे... तुम्हाला आवडायचं?”

तीनशे माणसं जमिनीकडे बघायला लागली. एका बाईंनी लहान मुलीचे कान झाकले.

“काय बोलतोस हे?” आउने आजी कुजबुजल्या. “चारचौघांत?”

“मग सहा वर्षांत एकदा तरी सांगायचं ना!”

“सांगायचं? तोंडावर? अरे, एकेचाळीस वर्षं संसार केला मी. आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नाही. त्यांना समजलं होतं की!”

मी राकेलबाईंकडे वळलो. “पण विणकाम मंडळाला आमची डेअरी हवीय ना?”

“डेअरीतली तुमच्या शेजारची खोली हवीय,” राकेलबाई म्हणाल्या. “आम्ही बायका ताइस्तोच्या ठेक्यावर माग चालवतो. आमच्या घरापर्यंत तो नीट पोचत नाही, म्हणून जवळ यायचं होतं. तुम्ही राहाल तर ती खोली, नाहीतर काहीच नको. आणि तुमच्या या कुंचल्यांपायी तीन आठवड्यांत आमचा गालिचा बघ!” त्यांनी पिशवीतून गालिचा काढला. तो एका टोकाला दोन हात रुंद होता आणि दुसऱ्या टोकाला मोज्याएवढा.

“तुम्हीच म्हणालात, लोकांना आमच्याविषयी बोलायचं आहे!”

“होतंच बोलायचं. पण बोलणार कोण, ते ठरेना.”

आता स्टेजवर कुणी कुणाकडे बघायची गरज नव्हती. सारिआन्नाने डब्यावर बूट आपटला. ताइस्तोने कुंचले तळ्यात भिरकावले, खिशातून काठ्या काढल्या (खिशात होत्याच!) आणि निळ्या शर्टातल्या वेइक्काने तोंड उघडलं. अस्वल जागं झालं, जातं फिरलं, तळ्यावरची बदकं एका दमात पलीकडच्या काठाला गेली. आणि तीनशे माणसांनी, एकापाठोपाठ एक, अगदी समाधानाने, कानांत बोळे घातले!

कुणी हललं नाही. कुणी ओरडलं नाही. एका आजोबांचा पाय ठेक्यावर जरासा उडाला, तर त्यांच्या बायकोने गुडघ्यावर हात ठेवून तो आवरला. इतका बेभान श्रोता मी जन्मात पाहिला नव्हता.

मतदान झालं. तीनशे हात वर. डेअरी आमची! मी रडलो असतो, पण आई समोर होती.

राकेलबाईंनी तिथेच कागद पुढे केला आणि आनंदाच्या भरात आम्ही चौघांनी न वाचता सह्या ठोकल्या. तो मी दुसऱ्या दिवशी वाचला. तालीम मंगळवारी आणि गुरुवारी, ठीक पाच ते सात. सातच गाणी, ठरलेल्या क्रमाने. दूध काढून होईपर्यंत वेग बदलायचा नाही. रजा हवी तर आठ दिवस आधी कळवणे. ग्रामसमितीच्या फलकावर ‘नागरी सेवा’ या मथळ्याखाली आता आमचं नाव आहे. वर धुराडी साफ करणारा, खाली मैल्याची टाकी उपसणारा, मध्ये हाउताहाल्ला.

पण आम्ही मेटलवाले आहोत! असं कुणाच्या दावणीला बांधून घेणाऱ्यातले नाही! त्याच आठवड्यात चिडून मी आठवं गाणं लिहिलं. ‘सगळे नियम जाळून टाका’. आजवरचं आमचं सर्वांत जहाल गाणं. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल!

ते वाजवायला परवानगी मिळावी म्हणून समितीकडे अर्ज दिलाय. दोन प्रतींत.